खुर्द्याचा हिशेब : इतिहासात ‘किरकोळ’ कोण, हे ठरवतो कोण?

१/
मागच्या आठवड्यात साखरखेर्ड्याच्या लढाईवर एक थ्रेड लिहिला होता. त्याखाली आलेल्या दोन प्रतिक्रिया मनातून जाईनात. पहिली मराठीत : ‘इतिहासाच्या खिजगणतीतही नसलेल्या गावाचा एवढा राईचा पर्वत कशाला?’ दुसरी इंग्रजीत, दोनच शब्दांची : ‘स्मॉल पोटॅटोज.’ बारके बटाटे, म्हणजे किरकोळ माल. दोघेही इतिहासाचे मनापासून वाचन करणारे आहेत, म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर देणे अगत्याचे वाटते. लहान तोंडी मोठा घास होईल; होऊ द्या.

२/
मुद्दा आरंभीच सांगतो. ‘महत्त्वाचे’ आणि ‘किरकोळ’ यांसाठी आपण जे वाक्प्रचार वापरतो, त्यांतील कितीतरी सरकारी दफ्तरातून, सराफाच्या पेढीवरून आणि लष्कराच्या छावणीतून आलेले आहेत. ज्यांच्या हाती हिशेबाची वही होती, त्यांनी कोणाला मोजायचे आणि कोणाला सोडायचे हे आपल्या सोयीने ठरवले. ती सोय वाक्प्रचारात गोठली. आज आपण तिला निसर्गनियम समजून इतिहासाला लावतो. माझे भांडण या सवयीशी आहे.

३/
प्रथम इंग्रजीकडे पाहू, कारण स्पर्धा परीक्षांच्या निमित्ताने हे वाक्प्रचार आपण सारेच पाठ करतो. त्यांचा इतिहास मात्र कोणी शिकवत नाही. ‘बिगविग’ म्हणजे बडी असामी. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातील उमराव आणि न्यायाधीश केसांचे मोठाले टोप घालीत. टोप जितका मोठा तितका माणूस मोठा. ‘स्मॉल फ्राय’ म्हणजे माशांची पिल्ले. त्यावरून क्षुल्लक माणसे. ‘स्मॉल बिअर’ म्हणजे पाणचट बिअर. त्यावरून क्षुल्लक बाब. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मधील इयागो तर अशा क्षुल्लक बाबींची टिपणे ठेवण्याचे काम उपहासाने स्त्रीच्या माथी मारतो. आणि ‘स्मॉल चेंज’ म्हणजे सुटी नाणी, आपला खुर्दा. हा शब्द लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचे आहे.

४/
आणखी एक इंग्रजी प्रयोग आपल्या मातीशी जोडला गेला आहे. ‘मला त्याची काडीचीही पर्वा नाही’ या अर्थी इंग्रज ‘डॅम’ शब्द वापरतात. ‘दोन पेनींचा डॅम’ हा प्रयोग तर ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नावावर सांगितला जातो. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशाने तर्क मांडला की, हा ‘डॅम’ म्हणजे मोगलांचे तांब्याचे नाणे ‘दाम’ असावे. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी हा तर्क चतुर पण निराधार म्हणून फेटाळला. ते योग्यच झाले. तरीही हा तर्क लोकांना पटावा असा वाटला, यातच गंमत आहे : ज्याची किंमत नाही त्याला लहान नाण्याचे नाव देणे जगभर इतके स्वाभाविक वाटते.

५/
मराठीत तर हे अधिकच ठळक आहे. कवडीमोल, दमडीची किंमत नसणे, छदामही न मिळणे : सारी चलनाच्या तळाची नावे. ‘पैशाला पासरी’ म्हणजे एका पैशाला पाच शेर मिळावे इतके स्वस्त. हा बाजारभाव आपण माणसांनाही लावतो. दुसऱ्या टोकाला पाहा. ‘असामी’ हा अरबी ‘इस्म’ म्हणजे नाव या शब्दाच्या कुळातला. बडी असामी म्हणजे यादीतील मोठे नाव. ‘मातब्बर’ म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकता येतो असा, अर्थात ज्याची पत आहे तो. आणि ‘गणती’ म्हणजे मोजदाद. घोड्यांची, माणसांची, मालाची. खिजगणतीत नसणे म्हणजे मोजदादीतून वगळले जाणे. वगळणारा कोणीतरी असतो. वाक्प्रचार तेवढे सांगत नाही.

६/
याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या इतिहासातील सर्वांत मोठ्या जखमेपाशी आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत घडले. नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. वाटेत त्यांना एका सावकारी जासुदाकडील सांकेतिक पत्र मिळाले, असे ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या ग्रंथात सांगितले आहे. पत्राचा आशय आपणा सर्वांना पाठ आहे : दोन मोती विरघळले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये व खुर्दा किती गेला याची मोजदाद करता येत नाही.

७/
दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. त्यांचे आकडे आहेत, नावे आहेत. आपण ती आजही घडाघडा सांगतो. मग रुपये आणि खुर्दा कोण? शिपाई, मोतद्दार, भिस्ती, लोहार, वाणी, बायका, मुले, यात्रेकरू. आपण हे पत्र वाचून हळहळतो आणि त्याच्या काव्यात्मतेचे कौतुक करतो. त्यात एक निर्दय वर्गवारी आहे, ही गोष्ट नजरेआड होते. सावकाराला मी दोष देत नाही. त्याची भाषाच पेढीची होती. दोष आपला आहे. अडीचशेहून अधिक वर्षे लोटली तरी आपण मोती आणि मोहराच मोजत बसलो आहोत.

८/
त्याच छावणीने मराठीला आणखी एक शब्द दृढ करून दिला : बाजारबुणगे. आज याचा अर्थ रिकामटेकड्या, बिनकामाच्या माणसांचा लोंढा. मुळात बुणगे म्हणजे फौजेबरोबर चालणारे न लढणारे लोक आणि सामानसुमान. बाजार म्हणजे छावणीतील बाजारपेठ. या बाजारात धान्य विकले जाई, तलवारींना धार लावली जाई, खोगिरे शिवली जात, घोड्यांना नाल ठोकले जात. फौज हे एक चालते-फिरते शहर असे आणि बाजारबुणगे हे त्या शहराचे नागरिक. त्यांच्याशिवाय फौज एक मुक्कामही पुढे सरकली नसती.

९/
पानिपतच्या पराभवाची कारणे मोजताना ‘बुणग्यांचे लोढणे’ हे कारण हमखास येते. ते खोटे नाही. यात्रेकरू आणि कुटुंबकबिला यांमुळे भाऊसाहेबांच्या हालचाली मंदावल्या आणि वेढ्यात उपासमार वाढली, हे मान्य. परंतु एकाच शब्दात आपण दोन भिन्न गट कोंबतो. फौजेबरोबर तीर्थयात्रेला निघालेला वेगळा. फौजेच्या पोटात दाणा आणि घोड्याच्या पायात नाल घालणारा वेगळा. दोघांना ‘बाजारबुणगे’ म्हटले की पराभवाचे खापर फोडायला एक सोयीचे, बिननावाचे डोके मिळते. लढाईनंतर कापले गेले आणि गुलाम म्हणून नेले गेले, त्यांतही हेच बिननावाचे लोक मोठ्या संख्येने होते.

१०/
याउलट एक प्रतिपक्षाचा साक्षीदार काढतो. १८०३ साली आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या उंबरठ्यावर, आताच्या जालना जिल्ह्यातील असई येथे, २३ सप्टेंबरला आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. हाच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, ज्याच्या नावावर तो दोन पेनींचा ‘डॅम’ सांगतात. त्या मोहिमेतील त्याचा पत्रव्यवहार उघडा : पानेच्या पाने बैल, तांदूळ आणि बंजाऱ्यांनी भरलेली आहेत. बंजारे धान्य घेऊन वेळेवर पोहोचतील का, बैल किती मेले, नवे कोठून मिळतील, हीच विवंचना. जिंकणाऱ्या सेनापतीने ज्यांना डोळ्यांत तेल घालून मोजले, त्यांना आपण वाचक मात्र ‘किरकोळ’ म्हणून ओलांडतो. बंजाऱ्यांचे तांडे आजही आमच्या मेहकर-लोणारच्या परिसरात आहेत. त्यांतील मुलांनी शाळेत असईचा धडा वाचला तर त्यांना त्यात आपले पूर्वज दिसतील का?

११/
आता ‘खोगीरभरती’ घ्या. संमेलनातील निरर्थक भाषणे, संघातील निरुपयोगी खेळाडू, पुस्तकातील फापटपसारा, सर्वांसाठी आपण हा शब्द वापरतो. खोगीरभरती म्हणजे खोगिराच्या आत भरलेला लोकर-चिंध्यांचा माल. दिसायला काही नाही, मोलाला काही नाही. पण ती भरती काढून घ्या आणि घोड्यावर बसून पाहा. दोन मुक्कामांत घोड्याची पाठ सोलवटते, जखमा चिघळतात आणि घोडा निकामी होतो. ज्या घोडदळाच्या दौडींचे आपण पोवाडे गातो, त्या दौडी या चिंध्यांवर झालेल्या आहेत. हा शब्द घडवणाऱ्याने घोड्याला कधी विचारले नसावे.

१२/
कोणी म्हणेल, हा आजच्या काळातला हळवेपणा आहे. त्या काळी कोण भिस्त्या-नालबंदांना मोजत होते? मोजत होते. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजी येथे राजाराम महाराजांसाठी बखर लिहिली. त्यात शिवाजी महाराजांच्या पागेची रचना आहे : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार; आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा हे रचनेचाच भाग होते, नंतर चिकटवलेली भर नव्हे. पंचवीस घोड्यांना पाणी किती लागते आणि किती दिवसांनी नाल झिजतात, हे ज्याला ठाऊक होते त्यानेच हे प्रमाण बांधले असणार.

१३/
याहून मोठा पुरावा म्हणजे १६७३ च्या मे महिन्यातील महाराजांचे चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना गेलेले पत्र. त्याचा विषय काय आहे? गवत. दाणा. भाजी. पावसाळ्यासाठीचा साठा आताच उधळू नका. रयतेकडून काहीही बळाने घेऊ नका, अगदी भाजीच्या देठालाही हात लावू नका. रात्री दिवा जळता ठेवू नका. उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि घोडी मरतील. छत्रपती उंदरावर आणि वातीवर पत्र लिहितात! आजच्या एखाद्या टीकाकाराच्या हाती ते पत्र पडले असते तर तो म्हणाला असता, ‘राईचा पर्वत.’

१४/
माणसांचे झाले, आता गावांकडे वळू, कारण मूळ आक्षेप गावावर होता. महाराष्ट्रात तालुक्यागणिक ‘खुर्द’ आणि ‘बुद्रुक’ गावे आहेत. आमच्या जिल्ह्यातही आहेत. फारसी ‘बुजुर्ग’ म्हणजे मोठा, त्याचे बुद्रुक झाले. ‘खुर्द’ म्हणजे लहान. एका गावाची दोन झाली की मोठ्या भागाला बुद्रुक आणि धाकट्याला खुर्द अशी नोंद दफ्तरात होई. सुट्या नाण्यांचा ‘खुर्दा’ याच कुळातला. पानिपतच्या पत्रातील खुर्दा आणि आपल्या गावाच्या पाटीवरील खुर्द हे असे सख्खे नातलग आहेत.

१५/
गंमत पुढे आहे. नोंद झाल्यावर गावे थांबत नाहीत. खुर्दमधून रस्ता जातो, तेथे बाजार भरू लागतो, शाळा येते. बुद्रुक मागे पडते. कितीतरी ठिकाणी आज खुर्द हे बुद्रुकपेक्षा मोठे आहे. पाटी मात्र बदलत नाही. एका कारकुनाने एका दिवशी केलेली नोंद शतकानुशतके गावाच्या कपाळी राहते. इतिहासातील ‘महत्त्वाची स्थळे’ ही यादीही अशीच आहे. कोणीतरी, केव्हातरी, कोणत्या तरी सोयीने ती केली. आपण ती पाटी वाचतो. गाव पाहत नाही.

१६/
आता साखरखेर्डा. बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यात हे गाव आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये येथे दख्खनच्या सुभेदारीसाठी दोन मोगल अमीर एकमेकांसमोर उभे ठाकले. एकीकडे निजामुल्मुल्क, दुसरीकडे हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान, ज्याला दिल्लीच्या दरबाराने निजामाला हटवण्यासाठी पुढे केले होते. मुबारिझखान लढाईत मारला गेला. निजामाने गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले. बादशहा मुहम्मदशहाला झाले ते मान्य करावे लागले आणि पुढे निजामाला ‘आसफजाह’ हा किताब मिळाला.

१७/
परिणाम मोजा. या विजयातून हैदराबादची आसफजाही खऱ्या अर्थाने उभी राहिली आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत, म्हणजे २२४ वर्षे टिकली. पालखेड, उदगीर, राक्षसभुवन, खर्डा या मराठ्यांच्या निजामाशी झालेल्या लढायांची मुळे येथवर येतात. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. १९०२ मध्ये ते सालाना २५ लाख रुपयांच्या बदल्यात कायमचे त्यांच्याकडे राहिले. तरीही नाव निजामाचेच होते. मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम ज्या सत्तेविरुद्ध लढला गेला, तिची पायाभरणी या शिवारात झाली. हे गाव खिजगणतीत नाही? मग ती गणतीच तपासायला हवी.

१८/
हे गाव यादीबाहेर का राहिले, हेही समजून घ्या. ही लढाई मोगलांच्या आपसातली म्हणून मराठ्यांच्या इतिहासात तिला एक ओळ. दिल्लीपासून दूर म्हणून मोगलांच्या इतिहासात एक परिच्छेद. आणि हैदराबादचा इतिहास हैदराबाद शहराभोवती फिरतो. तीन वह्या होत्या. तिन्ही वह्यांच्या समासात हे गाव पडले आणि कोणत्याही वहीत ते मुख्य नोंद झाले नाही. महत्त्व कमी होते म्हणून हे घडलेले नाही. वह्यांच्या सीमा जेथे एकमेकींना भिडतात तेथे ते वसले होते, म्हणून घडले.

१९/
दुसरे उदाहरण लोणार. १५९६ मध्ये वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीकडून मोगलांकडे गेले. अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचा महसूल दामांत दिला आहे; चाळीस दामांचा एक रुपया, हाच तो चौथ्या भागातील दाम. त्यात मेहकरच्या प्रदेशातील लोणारचा उल्लेख आहे. स्थान पवित्र आहे हे सांगून तो तेथील जलाशयाबद्दल लिहितो : काच आणि साबण यांना लागणारे द्रव्य येथे मिळते, सोराही निघतो आणि त्यातून बरा महसूल येतो. महसूल येतो म्हणून नोंद आली. उन्हाळ्यात पाणी आटले की चिखलात उतरून तो क्षार ज्यांनी गोळा केला, त्यांच्याविषयी मात्र अक्षर नाही.

२०/
आणि त्याच लोणारला भूशास्त्रानेही दीर्घकाळ किरकोळ ठरवले होते. दख्खनचा खडक ज्वालामुखीतून झालेला. तेव्हा हे विवरही ज्वालामुखीचेच, असा सरधोपट निष्कर्ष. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा उल्कापाताने झाला, हे १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तेथील दगडांतील आघाताच्या खुणांवरून पक्के केले. बेसॉल्टमधील इतके सुरक्षित आघातविवर पृथ्वीवर दुर्मीळ असल्याने चंद्राच्या अभ्यासकांनाही लोणार हवेसे झाले. २०२० मध्ये ते रामसर यादीत आले. गावकऱ्यांच्या डोळ्यांसमोर ते हजारो वर्षे होतेच. बदलले ते पाहणाऱ्यांचे प्रश्न.

२१/
तिसरे उदाहरण तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, पण अर्धेच. सिंदखेडराजा म्हणजे जिजाऊंचे माहेर. १२ जानेवारी १५९८ हा त्यांचा जन्मदिवस. दरवर्षी तेथे लाखोंची रीघ लागते. पण लखुजी जाधवरावांचे काय? २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाही दरबारात त्यांची पुत्र-नातवासह हत्या झाली. दख्खनच्या राजकारणातील हा केवढा स्फोट! आपल्या थ्रेडमध्ये तो ‘जिजाऊंचे वडील’ या दोन शब्दांत मावतो. जून २०२४ मध्ये लखुजीराजांच्या समाधीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याला शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती सापडली. जेथे दरवर्षी एवढे लोक येतात, तेथेही पायाखाली काय आहे हे आपण विचारले नव्हते.

२२/
आता आक्षेपांना उत्तर. पहिला आक्षेप : ‘म्हणजे सगळेच सारखे महत्त्वाचे? मग इतिहास लिहायचा कसा?’ नाही, सगळे सारखे नाही. निवड करावीच लागते. जो निवडत नाही तो इतिहास लिहीत नाही, यादी लिहितो. परंतु निवड प्रश्नावरून व्हावी. ‘पानिपतावर निर्णय कोणी घेतले?’ असे विचाराल तर मोती आणि मोहराच पाहाव्या लागतील. ‘फौज उपाशी का पडली?’ असे विचाराल तर बाजारबुणगे हेच मुख्य पात्र होतात. प्रश्न न विचारताच कोणाला ‘किरकोळ’ म्हणणे ही निवड नव्हे. ती जुन्या कारकुनाची नक्कल आहे.

२३/
दुसरा आक्षेप : ‘पण हे राईचा पर्वत करणेच झाले.’ राईचा पर्वत मला करायचा नाही. राई ही राई म्हणून मोजली जावी, इतकेच मागणे आहे. आमच्याकडे म्हण आहे, मुंगीला मुताचा पूर. ती आपण हसण्यावारी नेतो. पण त्या म्हणीत दृष्टिकोनाचे मोठे शहाणपण आहे : संकट किती मोठे हे पाण्यावर जेवढे ठरते, तेवढेच ते कोण बुडते यावरही ठरते. आपली भाषा केवळ दफ्तराची नाही. तिच्यात मुंगीच्या उंचीवरून पाहणाऱ्या म्हणीही आहेत. कवडी बाजारात मोलाची नाही, पण तीच भवानीच्या भुत्याच्या गळ्यात माळ होऊन बसते. कोणता मराठी वारसा उचलायचा, हे आपल्या हाती आहे.

२४/
हे सारे मला इतके का लागते, तेही सांगतो. पदव्युत्तर प्रबंधासाठी मी मराठा छावणीतील न लढणाऱ्या लोकांचा विषय मांडला, तेव्हा एका वडीलधाऱ्या अभ्यासकांनी ममतेनेच सल्ला दिला, ‘अहो, विषय जरा वजनदार घ्या, यात हाती काय लागणार?’ त्यांचा हेतू चांगला होता. पण मी घरी आलो आणि मनात आले, माझे पणजोबा कोणत्या वहीत असतील? ते ना मोती होते ना मोहर. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज खुर्द्यातच आहेत. तरीही आपण सरदारांच्या चष्म्यातून पाहतो आणि आपल्याच खापरपणजोबांना बाजारबुणगे म्हणतो. याहून मोठा विनोद इतिहासात शोधून सापडणार नाही.

२५/
म्हणून इतिहासावर लिहिणाऱ्या माझ्या वयाच्या सर्व मित्रमैत्रिणींना तीन विनंत्या. एक : लढाईवर लिहाल तेव्हा दाणावैरण, पाणी आणि नाल यांवर किमान एक भाग लिहा. दोन : एखाद्या स्थळाला किंवा माणसाला ‘किरकोळ’ म्हणण्यापूर्वी, कोणत्या प्रश्नाच्या संदर्भात किरकोळ, हे त्याच वाक्यात सांगा. तीन : घरातील जुनी कागदपत्रे, गावातील वीरगळ, पडके वाडे, तांड्यांतील गाणी यांची नोंद आताच करा. मोडी वाचता येत नसेल तर शिका; मोडी येणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत आणि कागद वाट पाहत नाहीत.

२६/
‘स्मॉल पोटॅटोज’ म्हणणाऱ्या मित्राला शेवटचे. साखरखेर्ड्याला या, मी बरोबर येतो. तेथून सिंदखेडराजा आणि लोणार, दोन्ही एका दिवसात होतात. वाटेत जी खुर्द-बुद्रुक गावे लागतील तेथे थांबून विचारू, की आज मोठे कोणते. पुढचा थ्रेड मराठा छावणीतील पखालजी आणि नालबंद यांच्यावर असेल. तोवर खाली उत्तरात लिहा : तुमच्या गावाच्या पाटीवर खुर्द आहे की बुद्रुक, आणि तुमच्या घरातील सर्वांत जुन्या कागदावर कोणाचे नाव आहे?